लाकूड आणि बूच : आपल्या हाताच्या मापाची फिशिंग रॉडची मूठ

दुकानात मिळणाऱ्या बहुतेक रॉडची मूठ फोमची असते, नाहीतर कमी प्रतीच्या बुचाची. एकाच मापाने हजारोंनी बनलेली ही मूठ बारीक बोटांच्या माणसाला जाड होते, आणि रुंद पंजाच्या माणसाला ती सतत आवळून धरावी लागते. संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. रोहू-कटल्यासाठी मही नदीच्या काठावर तासन्‌तास बसणारा आणि मरळीसाठी दिवसभर फेक करत राहणारा, दोघांना एकच मूठ चालणार कशी?

मूठ घरी बनवता येते. त्यात कसबापेक्षा धीर जास्त लागतो, कारण सर्वात जास्त वेळ गोंद वाळण्यात जातो. इथे दिलेली पद्धत ६ ते ८ फुटांच्या स्पिनिंग रॉडसाठी आहे, म्हणजे ज्यात रील खाली लटकतं. नव्या ब्लँकवर, म्हणजे गाइड (दोरा ओवायच्या कड्या) न बांधलेल्या नुसत्या कांडीवर, काम सर्वात सोपं जातं. जुन्या रॉडबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी माझं ठाम मत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तळहात जिथे टेकतो तिथे बूच हवं. लाकूड हवं ते टोकाला, कडांना आणि पातळ पट्ट्यांमध्ये. अख्खी मूठ शिसमाची केलेली फोटोत फार देखणी दिसते, पण पाण्यावर ती जड वाटते. बुचाची घनता पाण्याच्या साधारण पाचवा भाग असते, सागाची ०.६५ पट, शिसमाची ०.८ च्या आसपास. बाहेरून २६ मिमी, आतून १२ मिमी आणि जाडीला अर्धा इंच अशी चकती धरली, तर बुचाची भरते साधारण १ ग्रॅम, सागाची साडेतीन, शिसमाची चारच्या थोडी वर. आठ इंचांच्या मागच्या मुठीत अशा १६ चकत्या बसतात. म्हणजे बुचाच्या मुठीचे १६-१७ ग्रॅम आणि शिसमाच्या मुठीचे ६५-७०. शिवाय ओल्या हाताला बूच घट्ट लागतं, पॉलिश केलेलं लाकूड निसटतं. पहाटेच्या थंडीत बूच गारही लागत नाही.

मग लाकूड घ्यायचंच कशाला? दिसण्यासाठी तर आहेच, पण त्याचं खरं काम बुडाशी आहे. रील लावल्यावर बरेच रॉड पुढच्या बाजूला झुकतात आणि टोक वर धरून ठेवायला मनगटाला जोर लावावा लागतो. बुडाच्या टोकाला लाकडाचा गट्टू बसवला की तो भार पुष्कळ हलका होतो. शिवाय बूड दगडावर आपटतं, नावेच्या कडेला घासतं. तिथे बूच लवकर झिजतं, लाकूड टिकतं.

माप

मुठीची जाडी ठरवायला जुना कॅलेंडरचा कागद घ्या आणि त्याची गुंडाळी करत जा. रॉड धरतो तसं धरून बघा. बोटांची टोकं तळव्याला जेमतेम लागतील, पण रुतणार नाहीत, तिथे थांबा. गुंडाळीला चिकटपट्टी लावा, दोऱ्याने घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. घेर ८० मिमी आला तर जाडी साडेपंचवीस मिमी. बहुतेक मोठ्या माणसांचं माप २४ ते २८ मिमीच्या मधे येतं. हे काम घाईत करू नका. गुंडाळी हातात घेऊन दहा मिनिटं बसा आणि मनगट हलवून बघा. एक-दोन मिलिमीटरचा फरक हाताला लगेच कळतो.

लांबीसाठी रील सीटची, म्हणजे रीलचा पाय आवळून बसवायच्या भागाची, जागा ठरवावी लागते. रील ब्लँकला चिकटपट्टीने तात्पुरतं बांधा. रीलचा पाय बोटांमधे धरून हात नेहमीच्या फेकीच्या जागी आणा. बूड कोपराच्या खाली यायला हवं, पण अंगरख्यात किंवा जॅकेटमध्ये अडकू नये. ७ फुटी रॉडला मागची मूठ ८ ते १० इंच लागते. एका हाताने फेकणाऱ्याला ८ इंच पुरतात, दोन हातांनी लांब फेकायचं तर १० किंवा थोडी जास्तच. रीलच्या पुढची मूठ ३-४ इंचांपेक्षा मोठी करू नका, तिथे दोन बोटं टेकतात एवढंच.

आता तोल बघा. रील बांधलेला रॉड, तात्पुरत्या चिकटवलेल्या गाइडसह, एका बोटावर सीटच्या पुढच्या टोकापाशी ठेवा. टोक खाली जातंय? हार्डवेअरच्या दुकानातले नट किचनच्या वजनकाट्यावर मोजून पिशवीत भरा आणि बुडाला बांधा. तोल साधेपर्यंत नट वाढवा-कमी करा. जेवढं वजन येईल त्यावरून लाकडाचा गट्टू किती मोठा हवा ते ठरतं. २८ मिमी जाड, ४० मिमी लांब आणि आतून ३० मिमी खोलीपर्यंत १३ मिमीचं भोक असलेला गट्टू सागाचा साधारण १३ ग्रॅम आणि शिसमाचा १६ ग्रॅम भरतो. तुमच्या रॉडला १० ग्रॅमच पुरत असतील तर सागाचा आणि आखूड गट्टू करा. वजनच नको असेल तर फक्त पातळ पट्टी द्या. लाकूड निवडायचं ते असं, तोलाच्या हिशोबाने.

सामान

बूच हे कॉर्क ओक नावाच्या झाडाची साल. ही झाडं भूमध्य समुद्राच्या परिसरात होतात आणि सर्वात जास्त बूच पोर्तुगालमधून येतं. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर पहिली साल काढतात, पुढे दर नऊ वर्षांनी. चांगलं बूच महाग का, ते यातच आलं. रस्त्याकडेला लांब देठाची पांढरी सुवासिक फुलं गाळणारं आपलं बुचाचं झाड वेगळं. त्याची साल या कामाला घेऊ नका.

रॉडसाठीच्या चकत्या सव्वा इंच व्यासाच्या, अर्धा इंच जाडीच्या आणि मधे पाव इंच भोक असलेल्या मिळतात. बडोद्यात त्या दुकानात शोधण्यात वेळ घालवू नका, ऑनलाइन मागवा. १६ हव्या असतील तर २० मागवा, कारण काही चकत्यांत छिद्रं आणि तडे निघणारच. याखेरीज तुकडे दाबून बनवलेलं मिश्र बूच आणि रबर मिसळलेलं बूच मिळतं. ते दणकट असतं, म्हणून मुठीच्या दोन्ही टोकांना एकेक चकती त्याची घालावी. हे मात्र गावात मिळतं: गॅस्केट विकणाऱ्यांकडे रबर-कॉर्कच्या शीट असतात, त्यातली ६ मिमीची शीट घेऊन चकत्या कापता येतात.

लाकडासाठी वखारीत जायची गरज नाही. दांडिया बाजार, राजमहाल रोडच्या जुन्या मराठी घरांची दुरुस्ती चालू असते, तेव्हा सागाच्या चौकटी आणि कठड्यांचे तुकडे बाहेर पडतात. इतकी वर्षं वाळलेलं, आता हलणार नाही असं लाकूड नव्याने विकत मिळत नाही. फक्त खिळे आहेत का ते नीट बघा आणि वाळवीची भोकं असलेला तुकडा घेऊ नका. गडद रंग हवा असेल तर शिसम, मधला हवा असेल तर बाभूळ किंवा चिंचेचा गाभा. ताजं कापलेलं लाकूड कितीही सुंदर असलं तरी नको. पावसाळ्यानंतर ते आकसतं आणि बुचापासून सुटतं.

गोंद दोन लागतात. बूच बुचाला चिकटवायला पाण्याला टिकणारा फेविकॉल मरीन. लाकूड बुचाला आणि सगळी मूठ ब्लँकला चिकटवायला दोन ट्यूबचं, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी, उदाहरणार्थ अराल्डाइट स्टँडर्ड. पाच मिनिटांत वाळणारं इपॉक्सी नको, कारण मूठ सरळ करायला वेळ मिळत नाही. बूच बुचाला इपॉक्सीने चिकटवू नये असं मी म्हणतो, त्याचं कारण घासताना कळतं. इपॉक्सी कडक, बूच मऊ. पॉलिशपेपर बूच खातो आणि इपॉक्सीची रेघ कंगोऱ्यासारखी वर राहते. हाताला ती प्रत्येक वेळी टोचते.

बाकी ६ मिमीचा दीड फुटाचा थ्रेडेड रॉड (आटे पाडलेली सळई), त्याचे नट आणि मोठे वॉशर, व्हर्निअर (जाडी मोजायचं कॅलिपर), ६०-१२०-२२०-४०० नंबरचे पॉलिशपेपर, कानस, मास्किंग टेप, जिप्समच्या जोडांवर लावतात ती फायबरची जाळीदार टेप, ॲसिटोन, मेणबत्ती आणि नाकाला चांगला मास्क. मास्क ऐच्छिक समजू नका. बुचाची आणि विशेषतः शिसमाची धूळ छातीला वाईट.

लाकडाचं काम आधी

लाकडात आधी भोक, मग घाट. घाट आधी देऊन नंतर भोक पाडलं तर ते बरोबर मधोमध येत नाही आणि मूठ हातात फिरवली की डुगडुगते. खराद्याकडून काम करून घेणार असाल तर त्यालाही हेच सांगा, “काका, पहेलां काणुं, पछी घाट.” बडोद्याजवळ संखेड्याचे खरादी पिढ्यान्‌पिढ्या साग लेथवर घेऊन पाळण्या-झोपाळ्यांचे खांब बनवतात. ज्यांना लेथ मिळत नाही त्यांनी गट्टूसाठी अशा कारागिराकडे जायला संकोच करू नये. पण माप कागदावर मिलिमीटरमध्ये काढून न्या.

पातळ पट्ट्यांच्या चकत्या ३ ते ६ मिमी फळीतून होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) कापा. ३८ मिमीच्या होल सॉमधून साधारण ३४ मिमीची चकती निघते आणि मधलं मार्गदर्शक ड्रिल ६ मिमीचं असलं की भोक आपोआप थ्रेडेड रॉडच्या मापाचं पडतं. फळी खालून दुसऱ्या फळीवर दाबून धरा, नाहीतर मागची बाजू फाटते.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना फार उशिरा कळते. पुढे मुठीचं भोक ब्लँकच्या मापाचं मोठं करायचं आहे. तेव्हा एकाच कानशीने बूच भराभर झिजतं आणि लाकूड जागचं हलत नाही. परिणामी भोक लाकडापाशी अरुंद आणि बुचात ढगळ होतं. म्हणून लाकडी चकतीचं भोक चिकटवण्याआधीच अंतिम मापाचं करून ठेवा. ती चकती ब्लँकवर जिथे येणार तिथली जाडी व्हर्निअरने मोजा आणि त्यापेक्षा ०.३ ते ०.५ मिमी मोठं भोक ड्रिल करा. सामान्य ७ फुटी ब्लँक बुडाशी १२-१३ मिमी आणि आठ इंच वर ११ च्या आसपास असतो, पण अंदाजावर जाऊ नका. चिकटवताना या मोठ्या भोकाच्या चकतीला मधोमध ठेवायला थ्रेडेड रॉडवर त्या जागी मास्किंग टेप गुंडाळा, तिची जाडी भोकाएवढी होईपर्यंत.

बुडाच्या गट्टूला आरपार ६ मिमीचं भोक पाडा आणि वरच्या बाजूने ३० मिमी खोलीपर्यंत ब्लँकच्या मापाचं. गट्टू मुठीला आताच चिकटवू नका, घाट देण्यापुरता थ्रेडेड रॉडवर तिच्यासोबत आवळा. खालचं ६ मिमीचं तोंड काम संपल्यावर दुसऱ्या रंगाच्या लाकडाच्या खुंटीने बुजवायचं. सागाच्या गट्टूवर शिसमाची ती बारीक टिकली फार छान दिसते.

चकत्या लावणं आणि चिकटवणं

चकत्या उजेडात एकेक फिरवून बघा. बाहेरची छिद्रं फारशी महत्त्वाची नाहीत, कारण ३२ मिमीवरून २६ वर येताना प्रत्येक बाजूने ३ मिमी जाणार आहे. कडेपासून ३ मिमी आतवर जी छिद्रं दिसतात ती शेवटी पृष्ठभागावर येतील. सर्वात स्वच्छ चकत्या अंगठा आणि तळवा टेकतो तिथे, त्याहून हलक्या मुठीच्या मधल्या भागात, आणि सर्वात खराब रील सीटच्या कॉलरखाली झाकल्या जाणाऱ्या जागी. क्रम ठरला की पेनाने कडेवर आकडे घाला आणि वरचं टोक कुठलं त्याची खूण करा.

१. थ्रेडेड रॉडवर मेणबत्ती चांगली घासा म्हणजे गोंद त्याला धरणार नाही. मेण चकतीच्या सपाट बाजूला लागू देऊ नका.

२. लाकडी चकत्यांच्या दोन्ही बाजू १२० नंबरने खरखरीत करा. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसा आणि ते उडून जाऊ द्या. हे चुकवलं तर सागाचा जोड वर्षभरातच सुटतो.

३. दोन बुचांच्या मधे फेविकॉलचा पातळ, सगळीकडे सारखा थर. लाकूड आणि बुचाच्या मधे इपॉक्सी, तेही पातळच. भोकाच्या कडेपासून दोन मिलिमीटर आतपर्यंत गोंद नको.

४. दोन्ही टोकांना वॉशर आणि नट. नट घट्ट करत जा, प्रत्येक जोडातून गोंदाची बारीक रेघ सगळीकडून बाहेर आली की थांबा. बूच दाबलं जातं, म्हणून आणखी आवळण्याचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर नंतर बूच पुन्हा फुगताना जोड उघडतात.

५. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसा. तासाभराने थ्रेडेड रॉड अर्धा वळसा फिरवून बघा म्हणजे तो आत अडकून बसणार नाही. मग २४ तास हात लावू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ४८ तास द्या.

घाट देणं

लेथ असेल तर उत्तमच. नसेल तर हँड ड्रिल व्हाइसमध्ये आडवं पकडा आणि थ्रेडेड रॉडचं एक टोक चकमध्ये घाला. दुसरं टोक मोकळं सोडलं तर ते थरथरतं, म्हणून त्याला ६२६ नंबरच्या बेअरिंगचा आधार द्या. हे बेअरिंग आतून ६ मिमीचं असतं. लाकडाच्या ठोकळ्यात त्याच्या मापाचं भोक पाडून ते बसवा आणि ठोकळा टेबलाला क्लॅम्पने आवळा. दोन्ही टोकं एका रेषेत यायला हवीत. ड्रिलच्या या व्यवस्थेत पटाशी वापरू नका. आधार कच्चा असतो, धार अडकली की हात जातो. इथे फक्त कानस आणि पॉलिशपेपर. बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको.

लाकूड आधी उतरवा. बुचाला हात न लावता लाकडी भाग कानशीने अंतिम मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड येईपर्यंत आणा. मगच बूच घ्या, ६० नंबरच्या पट्टीने, हलक्या दाबाने. बूच इतकं भराभर उतरतं की पहिल्यांदा करणाऱ्याला विश्वास बसत नाही. म्हणून दर काही सेकंदांनी ड्रिल थांबवा आणि व्हर्निअर लावा. दाब जास्त दिला की बूच तापून काळं पडतं आणि तो डाग खोलवर जातो. मापापासून एक मिलिमीटर राहिला की १२० घ्या.

जोडांवर पॉलिशपेपर कधीही बोटाने दाबू नका. बोट मऊ, म्हणून बुचात खळगा पडतो आणि लाकूड कंगोऱ्यासारखं वर राहतं. पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून जोडाच्या दोन्ही बाजूंना एकदम टेकवा.

गडद लाकडाची धूळ बुचाच्या छिद्रांत बसते आणि ते कायमचं मळकट दिसतं. यासाठी लाकूड मापाला आलं की त्यावर पातळ सीलरचा एक हात द्या आणि वाळल्यावर पुढे चला. शिसम घासताना शेजारचं बूच मास्किंग टेपने झाका. अधूनमधून हवा मारून धूळ उडवा. हातानं पुसलं तर ती आणखी आत जाते.

आकाराबद्दल: मधे एखादा मिलिमीटर फुगीर आणि दोन्ही टोकांकडे निमुळती मूठ तळव्यात नीट बसते. अगदी सरळ नळीसारखी मूठही वाईट नाही, पण ती हातात फिरते. बोटांसाठी खोल खाचा कोरायचा मोह होतो, तो आवरा. फेकताना, खेचताना आणि मासा लढत असताना हात मुठीवर वेगवेगळ्या जागी असतो, आणि खाचा त्यातल्या एकाच जागेला सोयीच्या. आकार एकसारखा यावा म्हणून अर्ध्या मुठीची कडा पुठ्ठ्यावर कापून ठेवा आणि मूठ थांबवून लावून बघत जा.

२२० झाल्यावर छिद्रं भरा. घासताना पडलेली बुचाची बारीक पूड जपून ठेवलेली असेल तर ती फेविकॉल मरीनमध्ये दाट कालवा, छिद्रांत बोटाने दाबा, वरचं निपटा आणि रात्रभर वाळू द्या. भरलेली जागा थोडी गडद दिसते. सगळीच छिद्रं भरायची हौस नको, नखाएवढी किंवा त्याहून मोठी असतील तीच भरा. शेवटी ४०० चा हलका हात.

लाकडाला पॉलिश इथेच, मूठ थ्रेडेड रॉडवर असतानाच द्या. लाखेचं पॉलिश संखेड्याच्या पाळण्यावर शोभतं, पण रोज ओल्या होणाऱ्या वस्तूवर ते पांढुरकं पडतं. मुठीच्या लाकडाला पीयूचे (पॉलीयुरेथेन वार्निशचे) तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येकाच्या मधे ४०० ने हलकं घासून. जवसाच्या उकळलेल्या तेलाने लाकडाचा रंग अधिक खुलतो, पण ते दर वर्षी पुन्हा द्यावं लागतं. आणि एक धोका लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टोपलीत टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती बाहेर मोकळी पसरून पूर्ण वाळवा, मग टाका. बुचाला मी काहीच लावत नाही. पॉलिशने बुचाची पकड जाते.

आतलं भोक

बाजारातली गोल कानस चालते, पण घरच्या घरी त्याहून चांगलं साधन बनतं. मोडक्या फायबर रॉडचा जाड भाग मिळाला तर त्यावर ६० नंबरच्या पॉलिशपेपरची अर्धा इंची पट्टी तिरकी गुंडाळून इपॉक्सीने चिकटवा. हा निमुळता रॉड ब्लँकच्याच चढाचा असतो, म्हणून भोकही तसंच निमुळतं होतं.

ब्लँक बुडाकडे जाड, म्हणून मुठीचं खालचं भोक मोठं. साधन नेहमी खालच्या टोकातून घाला आणि हाताने फिरवा, ड्रिलने नको. थोडं फिरवा, धूळ झटका, मूठ ब्लँकच्या शेंड्याकडून सरकवून बघा. जिथे अडते तिथे खूण. अंतिम जागेपासून १५-२० मिमी वर अडायला लागली की हात सावरा, कारण यापुढे दोन-चार फेऱ्यांतच काम होतं. मूठ शेवटी हलक्या दाबाने जागेवर यावी. ठोकावी लागली तर बूच फाटेल, सैल असली तर तिरकी चिकटेल.

बुडाच्या गट्टूचं भोक आधीच केलेलं आहे. आता फक्त त्यात ब्लँक तळापर्यंत टेकतो का ते बघा.

ब्लँकवर बसवणं

सगळे भाग आधी गोंद न लावता लावून बघा: बुडाचा गट्टू, मागची मूठ, सीट, पुढची मूठ. क्रमही हाच. रीलचा पाय सीटमध्ये आवळून बघा. सीटचं आतलं माप ब्लँकपेक्षा बरंच मोठं असतं, १६ किंवा १७ नंबरची सीट आणि ११ मिमीचा ब्लँक यांच्यामधे मोकळी जागा राहते. ती भरायला बरेच जण मास्किंग टेपची कडी करतात. टेप पाणी पिते, म्हणून मला फायबरची जाळीदार टेप जास्त भरवशाची वाटते: इपॉक्सी जाळीतून आरपार जातं आणि सगळं एकजीव होतं. पाऊण इंच रुंदीची तीन कडी करा, मधे अर्ध्या इंचाची फट सोडा, त्या फटीही इपॉक्सीने भरा.

ब्लँकवर जिथे गोंद लागणार तो भाग ३२० नंबरने फक्त चमक जाईल इतका घासा. खोल घासलं तर धागे कापले जातात आणि रॉड तिथेच मोडतो. स्पिरिटने पुसा. इपॉक्सी लेबलवरच्या प्रमाणात, दोन मिनिटं सावकाश कालवा. मे महिन्यात बडोद्याची दुपार टाळा. चाळीसच्या वरच्या गरमीत इपॉक्सी लेबलवर लिहिलंय त्याच्या पुष्कळ आधी घट्ट व्हायला लागतं. सकाळी लवकर लावा.

ब्लँकला पातळ थर, मुठीच्या आत पातळ थर. मूठ गोल फिरवत खाली सरकवा म्हणजे गोंद सगळीकडे जातो. मग सीट. सीट गाइडच्या रेषेत हवी: ब्लँकवर गाइड ज्या बाजूला बांधणार तिथे आधीच टेपची खूण केलेली असू द्या, आणि सीटमध्ये रीलचा पाय घालून मागून डोळा लावून बघा. अर्ध्या तासाने पुन्हा बघा, कारण सीट हळूच फिरते. शेवटी पुढची मूठ आणि तिच्या तोंडाशी धातूची किंवा रबराची छोटी कडी. जास्तीचं इपॉक्सी ओलं असतानाच स्पिरिटच्या फडक्याने पुसा. वाळल्यावर बुचावरचं इपॉक्सी निघत नाही. रॉड बुडावर उभा करून २४ तास ठेवा. रील लावायची घाई करू नका.

जुन्या रॉडची मूठ बदलायची असेल

गाइड बांधलेले असताना मूठ शेंड्याकडून घालता येत नाही. सीट चांगली असेल तर फक्त मागची मूठ बदला. जुनी मूठ कटरने लांबीत चिरा, पण पातं ब्लँकपर्यंत नेऊ नका. शेवटचा थर लाकडी पट्टीने खरवडा. नवी मूठ बुडाकडून चढवायची, म्हणून तिचं भोक सगळीकडे बुडाच्या मापाचं, सरळ करावं लागतं. वरच्या बाजूची फट जाळीदार टेप आणि इपॉक्सीने भरा. या वेळी बुडाचा गट्टू मात्र शेवटी चिकटवा.

पाण्यावर जाण्याआधी आणि नंतर

पहिली फेक मैदानात करा, हूक न लावता, शिशाचं वजन बांधून. मूठ किंवा सीट जरा जरी हलली तर आत गोंद कमी पडला आहे, आणि ते कोरड्यावर कळलेलं बरं. विश्वामित्रीवर रॉड घेऊन बसण्याचा विचार करू नका. तिथे शहराच्या मधोमध मगरी राहतात, आणि त्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. आजव्याच्या तलावातही मगरी आहेत. धरणं आणि तलावांवर मासेमारीचे ठेके दिलेले असतात, म्हणून कुठेही जाण्याआधी परवानगी विचारा.

बूच मळतं. घरी आल्यावर भांड्यांच्या साबणाचा फेस आणि मऊ स्पंज घेऊन मूठ गोल फिरवत धुवा आणि सावलीत वाळवा. तारेची घासणी लावू नका, त्याने भरलेली छिद्रं निघतात. रॉड बंद गाडीत उन्हात सोडू नका. पावसाळा संपला की प्रत्येक लाकडी जोडावर नख फिरवून बघा. कडेला केसाएवढी फट दिसली तर त्यात सुईने पातळ इपॉक्सी सोडा, टेपने आवळा आणि दुसऱ्या दिवशी ४०० ने घासून पीयूचा एक हात द्या.